काल काय खाल्लंस?

‘आय लव्ह यू’ हे वाक्य आपल्या घरांत फारसं कुणी बोलत नाही. सिनेमात बोलतात, व्हॉट्सअॅपवर लाल बदामासकट पाठवतात, व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात तर ते मॉलच्या काचांवर चिकटवलेलं असतं. पण घरात? घरात आपण विचारतो, ‘जेवलास का?’ आईचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. तिनं बाबांकडे फोन दिला की त्यांचाही हाच, कारण पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचत नसतं. भांडणानंतर आधी कुणी बोलायचं हा तिढा सुटत नसला, की ‘पान वाढलंय’ एवढ्या दोन शब्दांत तहाची बोलणी सुरू होतात.

म्हणूनच एका जपानी मांगाचं नाव कळलं आणि मी जागच्या जागी फिदा झाले. ‘किनो नानी ताबेता?’ म्हणजे चक्क ‘काल काय खाल्लंस?’

लेखिका आणि चित्रकार फुमी योशिनागा. हीरो दोन. हिरॉइन नाही.

हो, बरोबर वाचलंत. ही दोन पुरुषांची प्रेमकथा आहे. दचकू नका, आणि डोळेही मिचकावू नका, कारण जे शोधायला जाल ते यात मिळणार नाही. चुंबनं-बिंबनं जवळजवळ नाहीतच. बेडरूमपेक्षा किचनची पानं कितीतरी जास्त. कांदा कसा चिरायचा, मासा कुठल्या क्षणी पातेल्यात सोडायचा, तीन भाज्या एकाच वेळी गरमागरम टेबलावर कशा आणायच्या... रोमान्स म्हणाल तर हा असा!

मांगा म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, म्हणजे आपल्या हिशेबानं शेवटच्या पानापासून. पहिली दहा मिनिटं डोक्याला शॉट, मग सवय होते. जपानमध्ये हे फक्त पोराटोरांचं खाद्य नाही. शाळकरी मुलींचा मांगा वेगळा, ऑफिसात जाणाऱ्या काकालोकांचा वेगळा.

दोन मुलग्यांच्या प्रेमाचा मांगा हाही तिथं एक मोठा प्रकार आहे. त्याला ‘बॉइज लव्ह’, शॉर्टमध्ये ‘बीएल’ म्हणतात. तो बहुतेक बायकांनीच लिहिलेला आणि बायकांनीच वाचलेला. देखणी पोरं, झुलणारी झुलपं, पावसात थरथरणारे ओठ वगैरे मामला. योशिनागाबाईंची सुरुवातही याच गल्लीतली. त्यांचं व्यावसायिक पदार्पण १९९४ मधलं.

पण ‘काल काय खाल्लंस?’ २००७ मध्ये सुरू झालं ते ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकात. प्रकाशक कोदान्शा, म्हणजे जपानमधलं बडं प्रस्थ. आणि वाचक कोण? मुख्यतः नोकरी करणारे मोठे पुरुष. बाईंनी आपली जोडी स्वप्नातल्या राजवाड्यात न ठेवता थेट या मंडळींच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवली. माझ्या मते हीच या मांगाची सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. बाकी सगळं इतकं साधं आहे, की धाडस झालंय हे लक्षातच येत नाही.

सहा वाजले, चला घरी

शिरो काकेई. वय ४३. पेशा वकिली. दिसायला एकदम चिकणा, स्वभावानं काटेकोर. करिअरची शिडी भराभर चढण्यात त्याला काडीचा रस नाही. संध्याकाळचे सहा वाजले की हा उठला. का? तर सुपरमार्केटमध्ये आज काय स्वस्त लागलंय ते बघायला! (आपल्यापैकी कितीजण सहाला उठतात ते हात वर करा. बॉस बघत नसेल तर.)

केंजी याबुकी. वय ४१. सलूनमध्ये हेअरड्रेसर. हळवा, बडबड्या, पटकन रडणारा आणि त्याहून पटकन हसणारा. तो शिरोला ‘शिरो-सान’ म्हणतो. त्यातला ‘सान’ हा आदराचा. आपल्याकडच्या ‘अहो’च्या जवळ जाणारं काहीतरी.

दोघं तोक्योमध्ये एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. शिरो स्वयंपाक करतो, केंजी मन लावून जेवतो आणि प्रत्येक घासाला दाद देतो. बस्स, एवढीच स्टोरी. व्हिलन नाही, अॅक्सिडेंट नाही, स्मृतिभ्रंश नाही. गेली कित्येक वर्षं हेच चाललंय, वीसहून जास्त खंड झाले. गंमत म्हणजे ही पात्रं कार्टूनसारखी कायम तरुण राहत नाहीत. वाचकाबरोबर त्यांचंही वय वाढतं. केस पिकतात, पोट सुटायची भीती वाटते, आईवडील थकतात.

मग यात रडण्यासारखं काय आहे? कारण मी रडले. पहिल्याच प्रकरणात.

आइस्क्रीमचं भांडण आणि खरं भांडण

त्याचं असं होतं. केंजी येताना कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून महागडं आइस्क्रीम घेऊन येतो. शिरोचा पारा चढतो. सुपरमार्केटमध्ये हेच स्वस्तात मिळत असताना तिथून का आणलं? अगदी आपल्या घरातला सीन. आपल्याकडे ‘मॉलमधून कोथिंबीर कशाला आणलीस, मंडईत दहाची जुडी मिळते’ असा होतो, एवढाच फरक.

पण त्याच प्रकरणात दुसरं भांडण आहे. शिरो ऑफिसमध्ये कुणालाही सांगत नाही, की तो एका पुरुषाबरोबर राहतो. केंजी मात्र सलूनमध्ये बिनधास्त सांगतो, माझा बॉयफ्रेंड वकील आहे. शिरोला हे कळतं आणि तो भडकतो. तेव्हा केंजी जे म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की आमचा मालक दिवसभर बायकोमुलांबद्दल बोलतो. मग ज्याच्याबरोबर मी राहतो त्याच्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही हा नियम माझ्या एकट्यालाच का?

इथं मी पुस्तक मिटलं आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

जरा आपलं ऑफिस डोळ्यासमोर आणा. सोमवारची सकाळ, कॉफी मशीनपाशी घोळका. ‘मग, वीकेंडला काय केलं?’ किती फालतू प्रश्न! कुणी सांगतं, बायकोबरोबर पिक्चर टाकला. कुणी सांगतं, नवऱ्यानं बिर्याणी केली आणि किचनची वाट लावली. आपण हे बोलतो तेव्हा आपण काही सांगतोय असं आपल्याला वाटतसुद्धा नाही. डेस्कवर जोडीदाराचा फोटो ठेवतो. ‘आमच्या ह्यांना कारलं आवडत नाही’ म्हणतो. दिवसभरात दहा वेळा आपण आपलं प्रेम जाहीर करतो आणि त्याला गप्पा म्हणतो.

ज्याला ही दहा वाक्यं रोज गिळायची असतात, त्याचं काय? त्याच्याकडे मोठं दुःख नसतं. फक्त सोमवारच्या प्रश्नाला ‘काही नाही यार, घरीच होतो’ हे छापील उत्तर असतं.

शिरोवर चिडावंसं वाटतं, पण बाई आपल्याला चिडू देत नाहीत. त्याची भीतीही त्या तितक्याच प्रेमानं काढतात. भांडण झालं की तो मोठमोठी भाषणं देत नाही. तो किचनमध्ये जातो. तांदूळ धुतो. सामन मासा आणि मशरूम घालून भात शिजवतो. केंजी टेबलावर येऊन बसतो. ‘सॉरी’ला पर्याय काय असतो, हे शिकायचं तर या मांगात शिका.

२५,००० येनचा फंडा

आता शिरोच्या कंजूषपणाबद्दल. दोघांच्या खाण्याचं महिन्याचं बजेट त्यानं ठरवलेलं असतं २५,००० येन. दिवसाला दोघांचे मिळून साधारण ८३० येन. एक येन वाचला तर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो दुसऱ्या कुणाला लॉटरी लागल्यावरही दिसणार नाही. कलिंगड स्वस्त आहे पण दोघांना जास्त होतं, तर दुकानात भेटलेल्या अनोळखी गृहिणीबरोबर अर्धं-अर्धं वाटून घेतो. काकूंशी मग अशी गट्टी जमते, की पुढे सगळी घाऊक खरेदी दोघं भागीदारीत करतात! स्ट्रॉबेरी स्वस्त मिळाली तर घरभर जॅमचा घमघमाट. दुसऱ्या दिवशी सकाळी केंजी टोस्टवर तोच जॅम लावून खातो आणि स्वर्गात पोचतो.

वाचताना आपण हसतो. भन्नाट कॅरॅक्टर आहे, म्हणतो. आणि मग हळूहळू कळतं, की हा नुसता चिकटपणा नाही. ही पेन्शन आहे.

शिरोच्या डोक्यात सतत एक गणित चालू असतं. आम्हाला मूल होणार नाही. म्हातारपणी बघणारं कुणी नसेल. आमचं लग्न नाही, त्यामुळे कायद्याच्या लेखी आम्ही एकमेकांचे कुणीच नाही. मग राहिलं काय? बँकेतले पैसे आणि धड शरीर. म्हणून तो तेल कमी घालतो, मीठ मोजून घालतो, पालेभाजी रोज करतो. हे सगळं केंजीनं शंभर वर्षं जगावं म्हणून. ज्यांना सरकार कुटुंब मानत नाही, त्यांनी रोजच्या आमटीभातात बांधलेली ही विमा पॉलिसी आहे. मला या पुस्तकात सगळ्यात जास्त प्रेम कुठे दिसलं असेल, तर त्या २५,००० येनच्या हिशेबाच्या वहीत.

दत्तक नवरा

शिरो वकील असल्यामुळे कायदाही कथेत येतो, पण भाजीत मीठ यावं तसा. त्यांच्या ओळखीत आणखी एक पुरुष-जोडी आहे. त्यातला तेत्सू-सान वयानं मोठा, स्वतःच्या कष्टानं पैसा मिळवलेला. आपल्या मागे सगळं आपल्या जोडीदाराला मिळावं, आईवडिलांना एक येनही जाऊ नये, असं त्याला ठामपणे वाटतं. का, ते तो फार उगाळत नाही. उगाळायची गरजही नसते.

आता कायदा काय म्हणतो? नुसतं मृत्युपत्र करून भागत नाही. मूल नसेल तर आईवडिलांचा एक राखीव वाटा जपानी कायद्यात असतो, आणि ते तो मागू शकतात. मग उपाय? जोडीदाराला दत्तक घ्यायचं! जपानमध्ये सज्ञान माणसालाही दत्तक घेता येतं, घेणारा वयानं थोडा मोठा असला की झालं. म्हणजे ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला कागदावर ‘मुलगा’ म्हणायचं.

ऐकायला विनोदी वाटतं ना? मलाही क्षणभर हसू आलं. मग ते घशात अडकलं.

ही मालिका सुरू झाली त्या २००७ मध्ये जपानमध्ये अशा जोड्यांसाठी साधं सर्टिफिकेटही नव्हतं. २०१५ मध्ये तोक्योमधल्या शिबुया आणि सेतागाया या विभागांनी पहिल्यांदा त्यांच्या नात्याची दखल घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अख्ख्या तोक्यो महानगराची अशी योजना आली. त्याआधी मार्च २०२१ मध्ये सप्पोरोच्या जिल्हा न्यायालयानं म्हटलं होतं, की अशा जोड्यांना लग्नाचे कुठलेच फायदे न देणं घटनेशी विसंगत आहे. पण सर्टिफिकेट म्हणजे लग्न नव्हे. त्यानं वारसाहक्क मिळत नाही. कोर्टातल्या या सगळ्या गदारोळात शिरो आणि केंजी आपले रोज रात्री जेवत राहिले. बातम्यांच्या मथळ्यांमागे माणसं नेमकी काय मागत होती, ते मला मथळ्यांपेक्षा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जास्त स्पष्ट दिसलं.

नवीन वर्ष, इन्स्टंट नूडल्स

जपानमध्ये नवीन वर्ष म्हणजे आपली दिवाळी समजा. सगळे आपापल्या घरी जातात. शिरोही जातो, आईवडिलांकडे. एकटा. केंजी फ्लॅटवर थांबतो आणि स्वतःसाठी पाकिटातले इन्स्टंट नूडल्स करतो, भाज्याबिज्या घालून. शिरो-सान नसल्यामुळे कुणी कॅलरी मोजत नाही म्हणून तो खूशही असतो. बाई या पानांवर एकही दुःखी शब्द लिहीत नाहीत. पण सणाच्या दिवशी घरात एकट्यानं नूडल्स खाणारा माणूस एकदा बघितला, की विसरता येत नाही.

शिरोच्या आईला मुलाबद्दल माहीत आहे. ती त्याला समजून घ्यायचा इतका आटापिटा करते, की एकदा सांगते, तू गे असलास काय किंवा गुन्हेगार असलास काय, आम्ही तुला स्वीकारायला तयार आहोत! एकाच दमात दोन्ही. बिचारी खरंच मायेनं बोलते, आणि शिरोच्या मनात काय होत असेल ते आपल्याला कळतं. ‘आम्ही काही मागासलेले नाही हं’ असं सांगणारी माणसं आपणही पाहिली आहेत.

मग एका वर्षी शिरो केंजीला घेऊन जातो. आईबाबा व्यवस्थित वागतात, जुने फोटो दाखवतात, भरपूर खाऊ घालतात. परतीच्या वाटेवर केंजीचे डोळे भरून येतात. आपल्या माणसाच्या आईवडिलांबरोबर एका टेबलावर जेवायचं, हे स्वप्न आपल्या आयुष्यात खरं होईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आपण ज्याला ‘सासरी जायचं टेन्शन’ म्हणतो, ते या माणसाचं स्वप्न होतं.

इथं दुसऱ्या कुणी ‘समाप्त’ची पाटी लावली असती. योशिनागाबाई लावत नाहीत. पुढे आईवडील शिरोला सांगतात, की पुढच्या वेळी त्याला आणू नकोस. जमेल असं वाटलं होतं, पण आम्हाला झेपलं नाही. ओरडा नाही, घराबाहेर काढणं नाही. फक्त झेपलं नाही. आणि मग शिरो, तोच भित्रा, काटेकोर शिरो, ठरवतो की नवीन वर्ष आता आपण केंजीबरोबर आपल्या घरी करायचं. आपलं कुटुंब कोणतं, हे त्याला त्या नकारानंतर लख्ख कळतं. सहा वाजता घरी पळणाऱ्या माणसाचा हा एवढा प्रवास. यापुढे माउंट फुजी चढणं किस झाड की पत्ती!

पडद्यावरही हिट

ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सांगते, यावर टीव्ही तोक्योनं २०१९ मध्ये मालिका केली. शिरोच्या भूमिकेत हिदेतोशी निशिजिमा, केंजीच्या भूमिकेत सेईयो उचिनो. निशिजिमाला तुम्ही कदाचित ओळखाल, ऑस्कर मिळालेल्या ‘ड्राइव्ह माय कार’चा हीरो तोच. २०२१ मध्ये सिनेमा आला, २०२३ मध्ये मालिकेचा दुसरा सीझन. मांगाला २०१९ मध्ये कोदान्शा पुरस्कारही मिळाला. इंग्रजी अनुवाद २०१४ पासून निघायला लागले.

सगळंच गोडगोड आहे असं नाही. कधीकधी रेसिपी इतकी लांबते, की पानं उलटावीशी वाटतात. आणि केंजीनं किती समजून घ्यावं याला काही लिमिट? अनेक प्रकरणांत मला वाटलं, की याच्या जागी मी असते तर सोया सॉसची बाटली डोक्यात घातली असती. पण लग्नाला वीस वर्षं झालेल्या कुठल्याही जोडप्याकडे बघून असंच वाटतं, नाही का?

‘हे दोघं किती बोअर आहेत!’

पहिला खंड मी माझ्या एका मित्राला दिला. आयटीत आहे, पुण्यात. गेली सहा वर्षं एका ‘रूममेट’बरोबर राहतो. गावाहून आई आली की फ्लॅटमधली दुसरी बेडरूम दोन तासांत ‘वापरातली’ दिसायला लागते. चादर, टॉवेल, खुर्चीवर टाकलेला शर्ट, सगळं चोख. सराव आहे. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाचा निकाल दिला तेव्हा त्यानं पेढे आणले होते. ऑफिसात मात्र नाही, माझ्या घरी. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या मागणीला कोर्टानं नकार दिला, तेव्हा काहीच आणलं नाही. सोमवारच्या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं, ‘घरीच होतो.’

त्यानं पुस्तक एका रात्रीत संपवलं. मला वाटलं, नूडल्सबद्दल बोलेल, आईवडिलांबद्दल बोलेल. तो म्हणाला, ‘यार, हे दोघं किती बोअर आहेत! आइस्क्रीमवरून भांडतात. सेम आमच्यासारखे.’ आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की जणू कुणीतरी त्याचा फोटो पेपरात छापला होता.

आपल्यासारख्यांच्या कंटाळवाण्या संसाराच्या कथा ढिगानं आहेत. सीरियलमध्ये आहेत, जाहिरातीत आहेत, चहा पावडरीच्या पुड्यावरसुद्धा हसरं जोडपं आहे. त्याच्या वाट्याला आतापर्यंत एकतर टिंगल आली किंवा शोकांतिका. महिन्याच्या किराण्यावरून कुरकुरणारं, एकाच टीव्हीसमोर पेंगणारं, उद्या डब्याला काय यावर चर्चा करणारं सुख त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

तर मंडळी, हा मांगा हातात पडला तर जरूर वाचा. पोटात कावळे ओरडत असताना वाचू नका, एवढी सूचना. आणि येत्या सोमवारी कॉफी मशीनपाशी कुणी ‘काही नाही, घरीच होतो’ म्हणालं, तर खोदून खोदून विचारू नका. सांगायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या. फक्त विचारा, ‘मग, घरी काय केलं होतं जेवायला?’

आणि उत्तर यायला वेळ लागला, तरी तिथंच थांबा. कॉफी थंड झाली तर होऊ दे.